कोल्बेच्या ‘आर्केडिया’तली राक्षसी पानं: प्रतीकं वाचायची तरी कशी?

पानगळ

कला-इतिहासाच्या एका अभ्यासवर्गासाठी कार्ल विल्हेल्म कोल्बेचं ‘आउख इष वार इन आर्काडिएन’ (मीही आर्केडियात होतो; आर्केडिया म्हणजे कवींनी रंगवलेला ग्रीसमधला सुखी मेंढपाळांचा प्रदेश) हे १८०१च्या सुमाराचं एचिंग (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा खाऊन छापलेलं चित्र) निवडलं आहे. प्लेट साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरची. दलदलीतल्या झाडपाल्याची नुसती गर्दी, पानं माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी. त्यात एक दगडी थडगं आणि थडग्यापाशी एकमेकांना बिलगलेलं जोडपं. बस्स.

विद्यार्थी ‘या पानाचा अर्थ काय, त्या फुलाचा काय’ असं विचारणार हे नक्की. म्हणून चार शंका:

१. ही झाडं ओळखता येतात का? ओळखली तर प्रत्येकाला ठरीव प्रतीकार्थ आहे का?
२. जालावरच्या एका प्रतिमेत जोडपं पांढरंफटक दिसतं. ते मेलेल्यांचे आत्मे आहेत असं म्हणणं कितपत टिकेल?
३. कोल्बेला ‘ओकवाला कोल्बे’ म्हणत. ओक म्हणजे जर्मन राष्ट्र, हे समीकरण इथे लावावं का?
४. तंत्र आणि अर्थ यांचा संबंध दाखवणारा एखादा छोटा प्रयोग वर्गात करता येईल का? तांब्याची प्लेट आणि छोटा प्रेस आहे.

---

अक्षांश

सुरुवातीला एक किरकोळ पण हमखास घोटाळा करणारी गोष्ट. कोल्बे दोन आहेत. तुमचा थोरला, १७५९ ते १८३५, बर्लिनमध्ये जन्मलेला आणि डेसाऊमध्ये आयुष्य काढलेला. त्याच नावाचा, त्याच घराण्यातला धाकटा (१७८१–१८५३) बर्लिनचा इतिहासचित्रकार. जालावर शोधताना दोघांची चित्रं एकत्र येतात. लिलावाच्या यादीत मार्टेन्स (थोरल्याच्या एचिंग्जची सूची करणारे अभ्यासक) यांचा सूची-क्रमांक दिलेला असेल तर तो थोरलाच.

आता अर्थाकडे. या चित्राचं सगळ्यात पक्कं प्रतीक म्हणजे ती शीर्षकाची ओळ. बाकी सगळं तिच्या भोवती फिरतं. ‘एट इन आर्काडिया एगो’ (आर्केडियातही मी आहे) ही मूळ लॅटिन ओळ. इटालियन चित्रकार ग्वेर्चिनोच्या १६१८ ते १६२२च्या दरम्यानच्या चित्रात दोन मेंढपाळ चौथऱ्यावरच्या कवटीकडे बघताहेत, कवटीपाशी उंदीर आणि माशी, आणि त्या चौथऱ्यावर ही ओळ. तिथे बोलणारा मृत्यूच आहे, शंकेला जागा नाही. फ्रेंच चित्रकार पूसाँच्या याच विषयावरच्या पहिल्या चित्रात (१६२०च्या दशकाचा उत्तरार्ध, आता इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला) थडग्यावर कवटी अजून आहे, पण बारीक झालेली. लूव्रमधल्या १६३७–३८च्या चित्रात कवटी गेली. तीन मेंढपाळ आणि एक स्त्री थडग्यावरची अक्षरं निवांत बघत उभे आहेत. भीती जाऊन तिथे हुरहूर आली. कला-इतिहासकार पॅनॉफ्स्कीने १९३६ मध्ये या ओळीचा असा प्रवास मांडला आणि आजही तोच सांगाडा वापरला जातो.

कोल्बेच्या जर्मन ओळीत भूतकाळी क्रियापद आहे. त्यामुळे बोलणारा मृत्यू उरत नाही, थडग्यातला माणूस होतो: मीही इथे होतो, तुमच्यासारखाच. म्हणजे जोडप्याला मिळतो तो दिलासाही आणि इशाराही. ओळ लॅटिनमध्ये न ठेवता जर्मनमध्ये का, याला बहुधा त्याच्या स्वभावातच उत्तर आहे. हा गृहस्थ डेसाऊत फ्रेंच शिकवायचा आणि स्वतः कट्टर भाषाशुद्धीवाला होता. १८०९ मध्ये परभाषेतल्या शब्दांच्या भेसळीवर त्याने पुस्तकच लिहिलं.

एक सावधगिरी: जर्मन कवी गटेच्या इटलीप्रवासाच्या पुस्तकावर हीच कल्पना बोधवाक्य म्हणून येते, पण ते १८१६ मधलं. ‘कोल्बेने गटेवरून घेतलं’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर ते सोडून द्या. ही ओळ त्याआधीच जर्मन वाचकांच्या तोंडी होती.

पहिल्या शंकेबद्दल माझं मत: प्रत्येक पानाचा कोश उघडू नका. प्रतीक पानांत शोधण्यापेक्षा त्यांच्या मापात शोधा. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०३ मधलं गवताच्या तुकड्याचं जलरंगचित्र शेजारी ठेवून बघा. तिथेही नजर जमिनीलगत आहे, गवत उंच वाटतं, पण माणूस नाही. त्यामुळे गवत हे गवतच राहतं. कोल्बे त्याच नजरेत दोन माणसं उभी करतो आणि सगळं मोजमाप कोसळतं. पानं खरी मानली तर माणसं गुडघाभर उंचीची. माणसं खरी मानली तर पानं पुरुषभर. चित्र दोन्हींपैकी कोणत्याही बाजूला कौल देत नाही, आणि वर्गात वेळ घालवायचा तर इथे घालवावा. आधीच्या चित्रांत थडगं मध्यभागी आणि निसर्ग मागे. इथे पाला पुढे आलाय, आणि थडगं व माणसं त्याच्या पोटात गेलीत. कवटीचं काम पाल्याने घेतलं आहे, इतकं मी ठामपणे म्हणेन.

---

रानभेंडी

अक्षांश यांच्याशी निम्मी सहमत. कोश उघडू नका हे बरोबर, पण झाडं ओळखायची नाहीतच असं केलंत तर एक महत्त्वाची गोष्ट निसटेल.

आपल्या डोळ्याला ती रुंद पानं लगेच अळूची वाटतात. वर्गात हमखास कुणीतरी तसं म्हणेल. पण एल्बे आणि मुल्डे या नद्यांच्या संगमाजवळच्या डेसाऊत अळू नाही. कोल्बेच्या या मालिकेत (तिला ‘क्रॉयटरब्लेटर’ म्हणतात, म्हणजे झाडपाल्याची पानं) जे नमुने दिसतात ते जर्मनीतल्या ओलसर काठांवरचे आहेत: पेटासाइटीस, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली, ओढ्याकाठी वाढणारी, खऱ्या आयुष्यातही ६०–७० सेंटीमीटर रुंद पान असणारी वनस्पती, तिच्यासारख्याच रुंद पानांचा बर्डॉक, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातले छत्रीसारखे फुलोरे, पाणकणीस, लव्हाळे, बोरू. म्हणजे मूळ झाडं मुळातच मोठ्या पानांची आहेत, त्याने ती फक्त आणखी ताणली. विदेशी, उष्णकटिबंधातलं जंगल दाखवायचा त्याचा हेतू नव्हता. आर्केडिया ग्रीसमधलं, थडगं प्राचीन, माणसं ग्रीक धाटणीची, आणि झाडं मात्र गावाबाहेरच्या दलदलीतली. ही सरमिसळ अर्थाच्या दृष्टीने पहिल्या दर्जाची आहे, आणि झाडं न ओळखता ती कळणार नाही.

मात्र एकूण एक झाडाला जातीचं नाव लावायचा हट्ट नको. तो एकाचं पान आणि दुसऱ्याचा देठ असंही बेलाशक जोडतो. शिरा कशा फुटतात, पान देठाला कुठे चिकटलंय, कडा दातेरी की सलग, या तीन गोष्टी जुळल्या तरच नाव सांगा. दोनच जुळल्या तर कुळापर्यंत थांबा.

आणखी एक. ही सगळी झाडं हंगामी, मऊ देठाची आहेत. पेटासाइटीसचं ते भलंमोठं पान हिवाळ्यापूर्वी कुजून जमिनीला मिळतं आणि वसंतात मुळापासून पुन्हा फुटतं. थडग्याचा दगड टिकणारा, झाडपाला एका हंगामाचा, आणि चित्रात बलदंड दिसतो तो झाडपाला. मला हे ‘अमुक पान म्हणजे निष्ठा’ यापेक्षा फार भक्कम वाटतं. बघणाऱ्याला त्यासाठी कुठलीही यादी पाठ करावी लागत नाही, ओढ्याकाठी एक वर्ष लक्ष ठेवलं की पुरे.

ओकबद्दल. टोपणनाव खरं आहे, आणि १८२५च्या आत्मचरित्रात झाडांनीच आपल्याला चित्रकार केलं अशा आशयाचं त्याने लिहिलं आहे. पण टोपणनाव पडलं ते त्याच्या जुन्या, पिळवटलेल्या, अर्ध्या वाळलेल्या ओकांच्या एचिंग्जमुळे. त्याचे धडे सतराव्या शतकातल्या डच एचरांकडचे, विशेषतः अँथनी वॉटरलोचे. डेसाऊच्या पूरमैदानात असे एकटे उभे ओक आजही आहेत. ओक आणि जर्मनपण ही जोडी साहित्यात आधीपासून होती हे मान्य: ग्योटिंगेनजवळच्या ओकच्या राईत १७७२ मध्ये तरुण कवींनी आपलं मंडळ स्थापन केलं होतं. पण आपल्या डोक्यात असतो तो झेंड्याखालचा ओक. प्रशियाचा येना इथे पराभव झाला १८०६ मध्ये, आणि त्यानंतरच्या वर्षांत ते राष्ट्रवादी वातावरण तापलं. १८०१च्या प्लेटवर ते उलटं चढवू नका. चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिखच्या मठाभोवतीच्या मेलेल्या ओकांचा अर्थही (ते चित्र १८०९–१०चं) इथे उसना आणायचं कारण नाही.

---

ताम्रमुद्रा

दुसऱ्या शंकेचं उत्तर छपाईतून मिळतं. आत्म्यांचा सिद्धांत मांडण्यापूर्वी ती प्रतिमा कोणत्या छापील प्रतीची आहे ते तपासा.

एचिंगमध्ये गडद-फिकटपणा येतो तो मुख्यतः आम्ल रेषेत किती वेळ खातं त्यावर. सुई सगळीकडे सारखीच चालते, तिने फक्त मेणाचा थर खरवडायचा असतो. मग प्लेट आम्लात जाते. थोड्या वेळाने बाहेर काढून, धुऊन, वाळवून ज्या रेषा फिकट ठेवायच्या त्या लाखेने झाकतात. पुन्हा आम्लात. पुन्हा काही झाकायच्या. शेवटपर्यंत उघड्या राहिलेल्या रेषा सगळ्यात खोल, म्हणून सगळ्यात काळ्या. कोल्बेच्या पद्धतीत पानांमधल्या पोकळ्या शेवटपर्यंत खाल्ल्या गेलेल्या आहेत आणि माणसांच्या अंगावरच्या रेषा लवकर झाकलेल्या. म्हणून काळोखाच्या खिडकीत ते दोघं उजळून दिसतात. ही उजळणी हेतुपुरस्सर आहे, तिला अर्थ द्यायला हरकत नाही.

पण पांढरंफटक दिसणं वेगळं. प्रत्येक छपाईला प्लेट पुसली जाते, रोलरखालून जाते, आणि तांबं झिजतं. आधी झिजतात त्या उथळ रेषा. म्हणजे उशिराच्या प्रतीत पानांमधला काळोख बऱ्यापैकी शाबूत, आणि माणसांच्या अंगावरची बारीक छटा मात्र नाहीशी. उरतो नुसता बाह्यरेषेतला पांढरा आकार. अशी प्रत समोर ठेवून ‘हे परलोकातले जीव’ म्हटलं तर आपण झिजेचा अर्थ लावत बसलोय.

तपासायचं कसं:

– संग्रहालयाची मोठ्या आकाराची प्रतिमा उतरवून घ्या आणि जोडप्याचे दंड, मांडी, कपड्याच्या चुण्या पूर्ण मोठ्या करून बघा. चांगल्या प्रतीत तिथे समांतर बारीक रेषा किंवा ठिपके सलग दिसतात. झिजलेल्या प्रतीत रेषा मध्येच तुटते, पुन्हा उगवते.
– दोन वेगळ्या संग्रहांतल्या प्रती शेजारी ठेवा. एकीत अंगावर छटा आहे आणि दुसरीत नाही, तर प्रश्न मिटला.
– दोन्हीकडे पांढरं, पण त्याबरोबर कागदही पांढराधोप आणि गडद भाग एकसलग काळा दिसतोय, तर दोष छायाचित्राच्या प्रखरतेचा. लिलावाच्या जुन्या छायाचित्रांत हे फार.
– खरी प्रत हातात असेल तर १० पट भिंग आणि बाजूने तिरपा उजेड. एचिंगची शाई कागदावर किंचित उचललेली दिसते, रेषेचं टोक बोथट असतं. टोक निमुळतं होत गेलं असेल तर तिथे ब्युरिनने (तांबं कोरायच्या टोकदार हत्याराने) कोरलंय. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील पुनर्मुद्रण.

---

नस्ती_उठाठेव

वर मापाबद्दल आलंय त्याला आपल्याकडचा एक समकालीन पुरावा जोडतो. १८०३ मध्ये लंडनला थॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांचे २४ अ‍ॅक्वाटिंट (सलग छटा देणारा एचिंगचा प्रकार) प्रसिद्ध केले, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. (हाच वेल्स पेशव्यांच्या दरबारात होता, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र त्याचंच. १७९५ मध्ये तो वारला.) त्या चित्रांतही छोटी छोटी माणसं आहेत. ती खडकाची उंची सांगण्यासाठी आहेत: माणूस इतका, तर खांब एवढा. बघणारा लंडनमध्ये बसून हिशेब करू शकतो. कोल्बेची माणसं दिसायला तेच काम करतात, पण हिशेब करायला गेलं की उत्तर येत नाही. वर्गात ही दोन शेजारी दाखवली तर ‘माप हेच प्रतीक’ म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळेल, लांबलचक व्याख्यान नको.

थडग्याबद्दल कुणी काही बोललेलं दिसत नाही. ते थेट पूसाँकडून आलं असं समजून पुढे जाऊ नका. डेसाऊचा राजा लेओपोल्ड फ्रीडरिख फ्रान्त्स याने गावापासून जवळच व्योर्लित्सला इंग्लिश पद्धतीची विस्तीर्ण बाग उभारली होती. तिच्यात १७८२ मध्ये रूसो बेट तयार झालं: पाण्यातलं छोटं बेट, भोवती पॉप्लरची झाडं, मध्ये स्मारकाचा दगड. मूळ फ्रान्समधल्या एर्मेनोंव्हिलचं, जिथे १७७८ मध्ये विचारवंत रूसोला पुरलं होतं. झाडीत एकटं थडगं, त्याच्यापाशी थांबणारे फिरस्ते, मनात थोडी उदासी, हे कोल्बेच्या बघणाऱ्यांना रविवारच्या फेरफटक्यात मिळत होतं. फरक इतकाच की बागेत झाडं कापून, दिशा ठरवून, दृश्य बसवून ठेवलेलं. कोल्बेच्या चित्रात माळी नोकरी सोडून गेलाय. कोल्बे बागेवर टीका करतोय असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, म्हणून हे वर्गात मत म्हणूनच सांगा.

कुणी मानसशास्त्रीय वाचन (गर्भाशयासारखी पानं वगैरे) सुचवलं तर ते वापरू नका अशी विनंती. त्याने चित्रातलं काहीच जास्त दिसत नाही.

---

अक्षांश

रूसो बेटाचा मुद्दा चांगला आहे. त्याला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची जोड द्या. झालोमोन गेसनर हा तिथला कवी-चित्रकार (१७३०–१७८८), त्याच्या ग्रामीण काव्यांमधून आणि चित्रांमधून हे सौम्य आर्केडिया जर्मन घरांत पोचलं होतं. कोल्बे १८०५ ते १८०७ झुरिकला राहून गेसनरच्या गौशचित्रांवरून (अपारदर्शक जलरंगातल्या चित्रांवरून) एचिंग करत होता. त्या संचाच्या २५ प्लेट्स झाल्या. पण तुमची प्लेट त्याच्या आधीची आहे, तेव्हा झुरिकच्या कामाचा प्रभाव इथे शोधू नका. गेसनरच्या छापील चित्रांशी मात्र ओळख आधीचीच.

माळ्याबद्दल: टीका म्हणण्याइतकं मला दिसत नाही. जोडप्याला त्या पाल्याची भीती वाटत नाहीये. पाला त्यांना गिळतोय आणि आडोसाही देतोय.

---

पानगळ

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. जोडपं पांढरं दिसणारी प्रतिमा लिलावाचीच निघाली. संग्रहालयाच्या प्रतीत स्त्रीच्या पाठीवर व्यवस्थित छटा आहे. तो मुद्दा रद्द.

ताम्रमुद्रा, चौथ्या शंकेचं सांगाल का? विद्यार्थी १२, वेळ दोन दिवस. ‘उजळ माणूस, काळी पोकळी’ एवढंच दाखवायचं आहे. जुन्या पद्धतीप्रमाणे नायट्रिक आम्ल वापरावं का?

---

ताम्रमुद्रा

नायट्रिक वर्गात नको. तांब्यावर ते जोरात चालतं, तपकिरी विषारी वायू सोडतं, आणि रेषेवर बुडबुडे धरतात. जुने लोक पिसाने ते बुडबुडे सतत बाजूला करत. न केलं तर बुडबुड्याखाली आम्ल पोचत नाही आणि रेष टिंबाटिंबांची होते. फेरिक क्लोराइड घ्या. रेषेच्या कडा सरळ खातं, वायूचा त्रास नाही. डाग मात्र जन्माचे पडतात. हातमोजे, चष्मा आणि प्लास्टिकचाच ट्रे. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं असतं.

चार जणांत एक प्लेट, १० बाय १५ सेंटीमीटर, १ मिलिमीटर जाडीची. कडा कानशीने ४५ अंशात उतरवा, नाहीतर कागद आणि प्रेसमधलं ब्लँकेट दोन्ही फाटतील. खडूची पूड आणि थोड्या अमोनियाने घासून धुवा. पाणी प्लेटवर सलग पसरलं तर ती स्वच्छ. मध्येच फाटून थेंब झाले तर तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. हे टाळलं की थर तिथेच उचकटतो आणि आम्ल नको तिथे खातं.

थर विकतचा असेल तर उत्तम. करायचा असेल तर वजनाने मेण २, अस्फाल्टमची (डांबरासारख्या पदार्थाची) पूड २, राळ १. उन्हाळ्यात तो मऊ पडतो आणि बोटांचे ठसे घेतो, मग राळ किंचित वाढवा. जास्त वाढवलीत तर ठिसूळ होऊन सुईखाली कपच्या उडतात. गरम प्लेटवर रोलरने पातळ पसरवा. जाड थरात सुई तांब्यापर्यंत पोचत नाही आणि रेष येतच नाही. मग प्लेट उलटी धरून मेणबत्तीच्या धुरावर काळी करा, म्हणजे काढलेली रेष चमकून दिसते. ज्योत एका जागी थांबली की थर जळतो.

रेखाटन अगदी साधं: तीन मोठी पानं, त्यांच्यामध्ये पोकळी, पोकळीत एक माणूस. माणसावर एकाच दिशेच्या रेषा, पानांवर शिरांच्या वळणाने, पोकळीत आडव्या-उभ्या जाळीच्या. सुई दाबून तांबं कोरू नका.

चावे, म्हणजे द्रावणात ठेवायच्या फेऱ्या, तीन. फेरिक क्लोराइडचं ४०–४२ बोमेचं (बोमे हे घनतेचं माप) द्रावण असेल तर त्यात जवळपास तितकंच पाणी घाला. प्लेटचा मागचा भाग आणि कडा झाकून, तोंड खाली करून, चार कोपऱ्यांना टेकू देऊन ठेवा. तोंड वर ठेवलं तर गाळ रेषेतच बसतो आणि खाणं मंदावतं.

पहिला चावा ८–१० मिनिटं. काढा, धुवा, पूर्ण वाळवा, माणूस झाका. झाकायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. ओलाव्यावर लावली तर ती पांढरी पडून सुटते. दर वेळी गडबड इथेच होते. दुसरा चावा आणखी २० मिनिटं, मग पानं झाका. तिसरा चावा आणखी ४०–५० मिनिटं, फक्त पोकळीला. मे महिन्यातल्या मुंबईत हे सगळं लवकर होतं, म्हणून आधी एका तुकड्यावर दर पाच मिनिटांची पट्टी काढून बघा आणि त्यावरून वेळा ठरवा.

धोका पोकळीत आहे. तिथे जाळी फार दाट केली तर तासाभरात रेषांमधले थराचे इवलेसे तुकडे सुटतात, सगळ्या रेषा एक होतात आणि सपाट खड्डा तयार होतो. त्यात शाई धरायला काही उरत नाही, पुसताना निघून जाते. छापलं की कडेला काळं आणि मध्ये भकास राखाडी. नवखे म्हणतात, अजून खायला हवं होतं. खरं तर जास्त खाल्लंय. उपाय म्हणजे दोन रेषांमध्ये रेषेच्या रुंदीच्या निदान दुप्पट जागा ठेवणं. खड्डा पडलाच तर ड्रायपॉइंटने (थेट तांबं ओरखडणाऱ्या सुईने) किंवा ब्युरिनने त्यात नव्या रेषा ओढा.

छपाई: २५०–३०० ग्रॅमचा सुती कागद अर्धा तास पाण्यात, मग टिपकागदात. शाई भरल्यावर जाळीच्या कापडाने, मग खडू लावलेल्या तळहाताने पुसा. माणसावरचा भाग अगदी स्वच्छ. प्लेटवर शाईचा पातळ पडदा राहू दिला की तो छान ‘वातावरण’ देतो आणि तुमचा सगळा खेळ बिघडवतो, कारण माणूसही करडा होतो.

झीज दाखवायची असेल तर एक प्लेट छापून झाल्यावर माणसावरच्या रेषा स्क्रेपर-बर्निशरने (तांबं खरवडून गुळगुळीत करायच्या हत्याराने) हलक्या हाताने घासा आणि पुन्हा छापा. दोन प्रती शेजारी लावा.

---

रानभेंडी

रेखाटनाला पानं खरी आणून द्या. पान टेबलावर पसरून वरून काढू नका. कुंडीसकट उंचावर ठेवून, डोळा मातीच्या पातळीला आणून, खालून काढायला लावा. पानाची मागची बाजू आणि उठावदार शिरा दिसल्या नाहीत तर कोल्बे जमणार नाही. इथे मात्र अळू खुशाल वापरा.

---

पानगळ

शेवटचं: थडग्याच्या दगडावर विद्यार्थ्यांना एक ओळ लिहू द्यायची आहे, मराठीत. प्लेटवर उलटी लिहायची ना?

---

ताम्रमुद्रा

हो, छाप आरशातल्यासारखा उलटा येतो. थेट उलटं लिहायला लावू नका. देवनागरीत वेलांटी आणि काना नेमके चुकीच्या बाजूला जातात. ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलने सरळ लिहा, तो कागद पालथा घालून थरावर ठेवा आणि प्लेट कमी दाबाने प्रेसमधून काढा. काळ्या थरावर चंदेरी खुणा उमटतात, त्यांवरून सुई फिरवा. अक्षर ४ मिलिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर ‘ष’ आणि ‘क्ष’च्या पोटातली जागा दुसऱ्या चाव्यातच भरून जाते. ओळ पहिल्या चाव्यानंतर झाकली तर पुसट राहील, दुसऱ्यानंतर झाकली तर वाचता येईल. कोणती हवी ते विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.